सातवा खडा

दचकलात ना? सगळेच दचकतात. खाणीच्या तोंडाशी झाडाला साखळीनं टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, तो मी. जन्मभर दुसऱ्याच्या ठोक्यावर बोलत आलो. आज मनातलं सांगतोय, तेवढं ऐकून घ्या.

भंगारवाल्याच्या ढिगातून मला दोघा भावांनी उचललं. तेव्हा त्यांच्याकडे एक पडीक टेकाड, दोन घण, एक पहार आणि भांडायला भरपूर वेळ होता. थोरला दादा सुरुंग लावायचा, धाकटा गिऱ्हाइकं आणायचा आणि दादाची बायको, म्हणजे सगळ्यांची वहिनी, खडी फोडायची. धाकटा भलता गोडबोल्या. आपला दगड पावसात भिजला की आणखी घट्ट होतो, असं त्यानं एका गिऱ्हाइकाला पटवलं होतं. गिऱ्हाईक चार ट्रक जादा घेऊन गेलं!

माझा कायदा दादानं घालून दिला. तीन ठोके म्हणजे पळा. मग बार उडायचे. शेवटी एक ठोका, म्हणजे खाली उतरा. पण त्याआधी मोजणी. दगडात सात भोकं दारूनं भरली असतील तर सात आवाज आलेच पाहिजेत. वहिनी डाव्या मुठीत सात खडे घेऊन बसायची. एक बार झाला की एक खडा उजव्या मुठीत. डावी मूठ रिकामी झाली की ती मान हलवायची आणि मी वाजायचो. एखादा खडा उरला तर बार अडकला समजायचं. तासभर कुणी जागचं हलायचं नाही.

मोजणी तिच्याकडे, कारण बारांनी दादाचे कान खाल्ले होते. बायकोची हाकही त्याला ऐकू यायची नाही. माझा ठोका मात्र पोचायचा. "हा एकटाच माझ्याशी नीट बोलतो," म्हणत तो मला थोपटायचा.

धंदा वाढला. टेकाडाचा खड्डा झाला, खड्ड्याकाठी खडी फोडायचं यंत्र, क्रशर आला, ट्रकांची रांग लागली, धाकट्याचं पोट सुटलं. अशाच एका दुपारी बार उडाले. वाती पेटवून दादा पलीकडच्या काठाला आडोशाला बसला होता. इकडे वहिनीच्या मुठीत एक खडा उरला.

"सहाच झाले, भावजी."

"सात झाले. क्रशरच्या खडखडाटात एक हरवला तुमचा."

"क्रशर सकाळपासून बंद आहे."

मजूर फिदीफिदी हसले. धाकट्याचे कान लाल झाले.

"रांग बघा, वहिनी! तुमच्या एका खड्यापायी एवढे ट्रक तासभर उभे करू?"

"करा."

मजूर आणखी हसले. धाकट्यानं हातोडा उचलला आणि मला एक ठोका हाणला.

मजूर हलले नाहीत. त्यांचे डोळे वहिनीच्या मुठीवर होते. पण पलीकडे दादानं मला ऐकलं. पहार खांद्यावर टाकून तो उतरायला लागला. वहिनी काठावर धावली, घसा फाटेस्तोवर ओरडली. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

सातवा बार झाला.

वहिनीनं तो उरलेला खडा उजव्या मुठीत घेतला.

धाकटा रडला, खरंच रडला. पंधरवड्यात क्रशर पुन्हा सुरू झाला. आल्यागेल्याला तो सांगू लागला, "दादाला घाई नडली. ऐकायचाच नाही कुणाचं." एवढं बोलून गालात हसायचा.

मजूर मात्र अडून बसले. मोजणी वहिनीचीच. आणि ठोका पडला की आधी मालक उतरणार. खाली जाऊन त्यानं हात हलवला, तरच बाकीचे. धाकट्याला मानावं लागलं. त्यानं वहिनीला माझ्याखाली बाकड्यावर बसवलं. "उन्हात खडी कशाला फोडता? बसून मोजा, बसून वाजवा. सावलीतलं काम!"

तिनं मान हलवली. वर्षभर ती वाजवतेय, त्यानं मारलं होतं नेमक्या त्याच जागी. पहिले काही दिवस उतरण्याआधी तो स्वतःही बोटांवर बार मोजायचा. आता तो बार मोजतही नाही, मोबाईलवर गिऱ्हाइकाला गोड बोलत उभा असतो.

आज सात भोकं भरली. मी लोखंड, प्रत्येक बार माझ्या अंगात उतरतो. सहा उतरले.

वहिनीच्या डाव्या मुठीत एक खडा उरला. तिनं तो थोडा वेळ निरखला, उजव्या मुठीत टाकला आणि रिकामा तळवा धाकट्याला दाखवला.

"सात झाले, भावजी."

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालेच! द्या ठोका."

मोबाईल खिशात घालून तो पायवाटेच्या तोंडाशी उभा आहे. वहिनी उठली आहे. हातोडा तिच्या हातात आहे.

मला आवाज आहे, पण तो दुसऱ्याच्या हातात. मारलं की बोलावंच लागतं. वाचणाऱ्यांनो, कुणाचा हात पोचत असेल तर या, साखळी तोडा, मला भट्टीत घाला.

दादा थोपटायचा ती जागा अजून गुळगुळीत आहे.

या, पण सावकाश या. घाई नडते.