बोथट टोकाची सुई

मी एक जुनी सुई आहे. काकांच्या थोरल्या मुलीला जुळी झाली, त्या वर्षीचा माझा जन्म. काका म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले कारागीर. बल्बमध्ये जी तार पेटते, त्याच धातूची तार त्यांनी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून वीज सोडली. तार झिजली, खालचा तुकडा गळाला, आणि त्याच क्षणी त्यांनी बटण बंद केले. जरा उशीर झाला असता तर माझे टोक गोल झाले असते.

मित्रांनो, माझे काम कार्बनच्या पापुद्र्यांचे. पेन्सिलीच्या शिशात असतो तोच कार्बन. चिकटपट्टीने सोलत सोलत आमच्याकडे पीएचडी करणाऱ्या ताई त्याचा एका अणूइतका पातळ पापुद्रा काढत. मग यंत्रात बसून मी तो हळूच ढकलत असे. एक पापुद्रा दुसऱ्यावर ठेवून जेमतेम एक अंश फिरवायचा होता. ताईंचा चार वर्षांचा प्रबंध त्यावर अडला होता.

जिन्यात कोणी धावले तरी मी थरथरे. म्हणून काका तिथे स्टूल टाकून बसत आणि मोठ्या साहेबांनाही अनवाणी चालवत.

यंत्र सुरू केल्यावर तासभर थांबायचे असते, कारण तापताना त्याचे भाग वाढतात. एकदा ताई घाईत थांबल्या नाहीत. मी पापुद्रे ठेवायच्या खालच्या चकतीवर आपटले आणि माझे टोक चपटे झाले. माझी रवानगी डबीत झाली.

नव्या सुया फार तीक्ष्ण होत्या. त्यांनी एकामागून एक पापुद्रे फाडले. शेवटी एकच जोडी उरली. तेव्हा काका मला घेऊन आले.

ताई म्हणाल्या, "काका, हिचं तर नाकच बसलंय. ही काय करणार?"

"चादर सरकवायला दाभण घेतं का कोणी? तळहात लागतो."

त्या दिवशी ताई पूर्ण तास थांबल्या. काकांनी जिन्यात आलेला खोकला तोंडात रुमाल कोंबून दाबला. मी टेकले, ढकलले. पापुद्रा अडला, मग सरकला. एक अंश फिरून थांबला, आणि कुठेही फाटला नाही.

पुढे नवे यंत्र आले. त्यात मी बसत नाही, म्हणून पुन्हा डबीत आहे. तक्रार नाही. एवढेच सांगते, हत्यार बोथट झाले म्हणून टाकण्याआधी ते घडवणाऱ्याला एकदा विचारा, आणि तो आहे तोवर विचारा.

मला घडवणारे काका मागच्या डिसेंबरच्या नऊ तारखेला, सकाळी, आपल्या घरी वारले.