दाजींनी बसवलेला हीटर

ओरेस्ट दाजींसमोर गॅरेजवाल्याचं नाव काढलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. चाळीस वर्षं गावभरची इंजिनं खोलली, आता स्वतःच्या गाडीचा हीटर दुसऱ्याने बसवायचा? इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर विजेवर लावून ठेवायचा तो हीटर; जुना जळला होता. सोमवारी पारा उणे अडतीसवर जाणार होता आणि सोमवारी सकाळीच माझ्या ताईला, स्लावकाला, डायलिसिससाठी यॉर्कटनच्या इस्पितळात न्यायचं होतं.

मी मात्र वेगळ्याच कामाने आले होते. पर्समध्ये वृद्धाश्रमाचा अर्ज होता, ताईची सही तेवढी बाकी. दाजींच्याने आता तिला सांभाळणं होत नाही, असं माझं ठाम मत होतं.

"बॅटरीचा झोत इंजिनावर धर, डोरीन. माझ्या टकलावर नको."

"टकलाचाच उजेड जास्त पडतोय, दाजी."

त्यांनी ऐकलंच नाही.

कूलंट बादलीत काढलं. इंजिनाच्या कुशीतलं पत्र्याचं बूच ठोकून बाहेर घेतलं, भोकाची कड घासली, रबरी रिंगला ग्रीस चोपडून हीटर आत सरकवला आणि स्क्रू आवळला. मग कूलंट भरून इंजिन चालवलं, आतली हवा काढली. हात असे चालत होते की माझं मत दोन मिनिटं डळमळलं.

आमच्याकडे हीटर बसवला की प्लग लावून कान देतात. किटली तापताना करते तसा सूं सूं आवाज यायला हवा. दाजींनी वायर लावली, बॉनेटखाली वाकून कान दिला, डोळे मिटले.

"वाजतोय. झकास."

मीही कान दिला. काही नाही. मग लक्षात आलं. दाजींच्या गाडीच्या शेडमध्ये दिवा आणि प्लग एकाच बटणावर आहेत. काम झालं म्हणून मीच सवयीने बटण बंद केलं होतं; दारातून ऊन येत होतं, म्हणून दिवा गेलेला जाणवला नव्हता.

मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "दाजी, वीजच नाहीये."

ते फडक्याने हात पुसू लागले.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

"दोन वर्षं झाली. तुझ्या ताईला बोलू नकोस."

मला राग आला, चांगलाच आला. "अहो, रात्री तिला काही झालं, तिने हाक मारली, तर?"

दाजींनी बाही वर केली. मनगटाला लाल लोकरीचा धागा होता. "झोपताना याला दोरी बांधतो, दुसरं टोक तिच्या हाताला. ती ओढते, मी उठतो. तिला सांगितलंय, माझी झोप गाढ आहे म्हणून."

मी जाऊन बटण दाबलं. इंजिन सूं सूं करू लागलं.

"वाजतोय," मी म्हटलं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहून मान हलवली.

घरात ताई टेबलाशी बसून पेरोगीच्या, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांच्या, कडा मिटत होती. पिठाने माखलेल्या एका मनगटाला तसाच लाल धागा. शेजारी पेन काढून ठेवलेलं.

"आणलास तो अर्ज?"

"विसरले गं घरी."

ताईने माझ्याकडे पाहिलं, मग पर्सकडे. खांदे जरा सैल पडले तिचे.

"बरं झालं. पुढच्या खेपेला लोकर तेवढी आण, ही विरत चाललीये." तिने एक पेरोगी ताटात ठेवली. "गाढ झोप म्हणे. दोन वर्षांत फोनची घंटा ऐकू आलेली नाही त्याला."