देवाचा नग

गुरुलिंगला या कामातून काय मिळणार होतं, ते आधी सांगितलेलं बरं. पैसा नव्हे, पैसा त्याला तसाही मिळत होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचा बापाच्या वेळेपासूनचा कारखाना होता. विजेच्या पॅनेलमध्ये तांब्याच्या पट्ट्या ज्यांच्या खांद्यावर बसतात, ते लाल इन्सुलेटर तिथं गरम साच्यात दाबून तयार होत. पट्टीतली वीज पत्र्यात उतरू द्यायची नाही, एवढंच त्यांचं काम, आणि तेवढं ते चोख करत. पण अंगावर नाव नेहमी दुसऱ्याचं. ज्या कंपनीची ऑर्डर, तिचा शिक्का. सोयऱ्याधायऱ्यांत कुणी "तुमचा माल कुठल्या नावानं जातो हो?" असं विचारलं की गुरुलिंगला पाणी प्यावंसं वाटे. त्याचा मेव्हणा गुरुशांत दर लग्नात हेच विचारी, आणि तेही जेवणाच्या पंगतीत, मोठ्यानं.

आता पुण्याच्या एका पॅनेल कंपनीला नवी मुंबईतल्या डेटा सेंटरसाठी इन्सुलेटर हवे होते. नाव कुणाचं असावं याबद्दल तिची काही अट नव्हती. गुरुलिंगनं नवा साचा करून घेतला. त्यात उठावाची अक्षरं बसवली, म्हणजे नगावर ती खोल उमटतील. नाव घातलं 'दानम्मा'. बायकोचं. लोक म्हणाले, केवढी माया! माया होतीच, शिवाय दानम्मा गुरुशांतची सख्खी बहीण, त्यामुळं त्या नावाला हसायची मेव्हण्याची सोय राहिली नव्हती. नाव बुडाशी घालायची रीत आहे. गुरुलिंगनं ते पोटावर उभं घातलं, वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत. बुडाशी घातलेलं नाव वाचणार कोण?

खंडेनवमीला कारखान्यात पूजा झाली. साचा दाबणाऱ्या प्रेसला झेंडूची माळ, साच्यांना हळदकुंकू. गुरुलिंगच्या वडिलांनी, गुरप्पांनी, घालून दिलेला एक नेम होता : पूजेनंतर साच्यातून निघालेला पहिला नग देवाचा. तो विकायचा नाही. ऑफिसातल्या फळीवर सिद्धरामेश्वराच्या फोटोखाली अशा नगांची रांगच होती, दर सालाचा एक. नव्या साच्याचा पहिला नग मल्लेशनं काढला. मल्लेश मंद्रूपचा, वीस वर्षं प्रेसवर त्याचाच हात. दानम्मानं ओल्या बोटांनी नगावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, आपल्या नावाच्या अक्षरांत चिमटीनं कुंकू भरलं आणि लाजून म्हणाली, "अय्यो, माझीच पूजा मीच करायले की!"

"कर की. पुढं मुंबईची माणसं करणार हायत," गुरुलिंग म्हणाला.

दसरा उलटल्यावर पुण्याचा इंजिनिअर अजिंक्य माल तपासायला निघाला. डझनभर नग तयार ठेवा, असा त्याचा निरोप होता. मल्लेशनं डझनच तयार केले, कारण तो वाया काही घालवत नसे. सकाळी खोक्यात ते ओळीनं लावून तो गेट उघडायला गेला. प्रेस थंड होती. मोहोळ ओलांडल्याचा अजिंक्यचा फोन येऊन गेला होता. गुरुलिंगनं खोक्यातला एक नग उचलला. कशाला, तर नाव उन्हात कसं दिसतं ते बघायला. दारापाशी नेला, तिरका धरला, अंगठा फिरवला, आणि नग हातातून निसटून फरशीवर पडला. कोपऱ्याचा टवका उडाला.

प्रेस तापायला निम्मा दिवस लागतो. पाहुणा दारात. आणि बारा सांगितलेले असताना अकरा दाखवायचे, म्हणजे पहिल्या भेटीतच हात आखडलेला दिसणार. गुरुलिंगनं फळीकडं पाहिलं.

त्यानं देवाची क्षमा मागितली. तेवढं त्यानं केलं. मग फडकं ओलं करून विभूती पुसली. कुंकू त्याला दिसलं नाही. नग लाल, कुंकू लाल. ओल्या फडक्यानं ते अक्षरांत आणखी खोल बसलं.

अजिंक्य तरुण, नम्र आणि घाईत होता. त्यानं गाडीतून एक पेटी काढली. "काका, हे नग उद्या सकाळपर्यंत या पेटीत दमट हवेत ठेवायचे. मग त्यांच्यावर जास्तीची वीज सोडायची."

"आमच्याकडं कुटली दमट हवा? सोलापूर हाय हे!" गुरुलिंग हसला.

"सोलापुरात नाही, पण माल जाणार खाडीकाठी."

हे ऐकून गुरुलिंगनं खोक्यातल्या देवाच्या नगाकडं पाहिलं. सोलापूरच्या कोरड्या हवेत तो नग जन्मभर उभा राहिला असता. आत्ताच सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. मग वाटलं, विभूतीच्या एवढ्याशा धुळीनं काय होतंय?

दुसऱ्या दिवशी अकरा नग पास झाले. बाराव्यावर वीज चढली तसा चरचर आवाज आला, नावाच्या अक्षरांतून एक निळी ठिणगी पायरी पायरीनं उतरली आणि करपल्याचा वास सुटला. अजिंक्यनं वीज बंद केली. नगाच्या पोटावर वरून खालपर्यंत मुळासारखी काळी रेघ उठली होती.

"एक फेल म्हणजे लॉट फेल, काका," तो म्हणाला. "आतून नीट शिजलेला दिसत नाही. साचा वेळेआधी उघडला की असं होतं. प्रेसवर कोण होतं?"

"मीच व्हतो," मल्लेश म्हणाला आणि पुढं झाला. "पर आदी उघडत न्हाई मी कदी. दावा बगू."

त्यानं नग हातात घेतला, नखानं एक अक्षर उकरलं. नखात लाल चुरा आला. तो त्यानं बोटांत चोळला. मग त्यानं फळीकडं पाहिलं. रांगेच्या शेवटी, धुळीत, एका नगाएवढी स्वच्छ जागा होती. मग त्यानं मालकाकडं पाहिलं. मालक पंख्याकडं बघत होता.

"चूक माजीच हाय, साहेब," मल्लेश म्हणाला. "सणाची घाई. डाय जरा लवकर उघडली गेली."

मल्लेशला वाटलं असणार, आता मालक मधे पडतील. गुरुलिंगलाही वाटलं, आता आपण मधे पडू. अजिंक्यनं पेनचं टोपण काढेपर्यंत दोघंही वाट बघत राहिले.

"डेटा सेंटरच्या एका हॉलमध्ये असे हजारो नग लागतात," अजिंक्य लिहिता लिहिता म्हणाला. "एक गेला तर अख्खी लाइन बसते. त्यावर बँका चालतात, हॉस्पिटलं चालतात. सणाची घाई चालत नाही. काका, प्रेसवरचा माणूस बदलला असं लिहून द्या, म्हणजे मला पुन्हा यायला कारण मिळेल."

"जुना माणूस हाय हो आमचा," गुरुलिंग म्हणाला.

"जुनी माणसंच लवकर उघडतात. हाताला सवय होते ना."

गुरुलिंगनं सही केली.

दानम्मा सोमवारी कारखान्यात दिवा लावायला येई. त्या सोमवारी तिनं पाहिलं, मल्लेश प्रेसवर नव्हता. कोपऱ्यात बसून कानस घेऊन नगांच्या कडा घासत होता.

"हितं का बसलास रे, मल्लेश?"

"असंच, अक्का. पाय दुखालेत."

फळीपाशी जाऊन तिनं दिवा लावला, विभूतीची वाटी उघडली आणि थांबली. मग ऑफिसचं दार आतून लावून घेतलं. गुरुलिंगनं सगळं सांगितलं. तिच्याशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"पुण्याला फोन लावा की," ती म्हणाली.

"एवढा दुसरा लॉट पास हूं दे. मग सांगतो."

दुसरा लॉट पास झाला. प्रेसवर नवा माणूस होता, पण ताप आणि वेळ मल्लेशनंच बसवून दिलेला. ऑर्डर आली. गुरुलिंगनं फोन केला नाही. ऑर्डर हातात आल्यावर तर फोन करणं आणखीनच अवघड होऊन बसलं. दिवाळी होऊन गेल्यावर मल्लेश कामावर यायचा थांबला. एमआयडीसीत आणखी दोन ठिकाणी प्रेस होत्या. त्यानं दोन्हीकडं विचारून पाहिलं. साचा लवकर उघडणारा माणूस ही बातमी त्याच्या आधी तिथं पोचली होती.

मंद्रूपच्या बाजाराच्या दिवशी गुरुलिंग स्वतः गेला. मल्लेश साडूच्या पिठाच्या गिरणीत उभा होता, भुवयांपर्यंत पांढरा.

"चल की परत," गुरुलिंग म्हणाला. "तुज्या प्रेसवर दुसऱ्याचा हात बसंना."

"बसतोय की, मालक. माल तर जातोय म्हणं मुंबईला."

"जातोय. पर..."

"पुण्याच्या साहेबाला सांगितलं का?"

"सांगतो की."

मल्लेशनं एका बाईचा ज्वारीचा डबा उचलून जात्याच्या तोंडात ओतला. "मग सांगा. सांगितलं की एक फोन मारा, मी मिळंल त्या एसटीनं येतो." आणि जातं मोठ्यानं सुरू झालं, त्यामुळं पुढं बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

घरी दानम्मानं ताटावर बसल्या बसल्या विचारलं, "आला?"

"न्हाई."

"सांगणार हाय का तुमी?"

गुरुलिंगनं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. सांगितलं तर काय होईल, हे त्यानं पुष्कळदा मनात मांडून पाहिलं होतं. लिहून दिलेलं खोटं निघालं की कंपनी ऑर्डरही काढून घेणार आणि गावभर नावही खराब होणार.

"मग माझं नाव काढा," दानम्मा म्हणाली. "मी वाहिलेल्या कुंकवानं त्या माणसाचं वाटोळं झालं. ते पोटावर घालून मिरवू नका."

"अगं, त्या नावासाठीच तर हे सगळं..."

"व्हय. म्हणूनच म्हणते."

दुसऱ्या दिवशी गुरुलिंगनं सगळ्यांना चहाला पाठवलं आणि साचा टेबलावर घेतला. उठावाची अक्षरं काढायला फार वेळ लागत नाही. ग्राइंडर लावला, ठिणग्या उडाल्या, आणि साच्याचा पोटभाग कपाळासारखा गुळगुळीत झाला. त्या दिवसापासून नग बिननावाचे निघू लागले. चांगले निघतात, अजून एकही परत आलेला नाही. परवाच्या लग्नात गुरुशांतनं पंगतीत विचारलंच, "दाजी, बहिणीचं नाव पुसलं म्हणं?" गुरुलिंगनं पाणी मागितलं.

खंडेनवमीचा पहिला नग दानम्मा अजून फळीवर ठेवते, पण त्याला कुंकू लावत नाही. त्या सालाची मोकळी जागाही तिनं तशीच ठेवली आहे.

तर हिशेब असा आहे. मल्लेशचा वीस वर्षांचा हात गेला, आणि लवकर साचा उघडणारा म्हणून जे नाव त्याला लागलं ते मंद्रूपच्या गिरणीपर्यंत त्याच्याबरोबर आलं. देवाचा एक नग गेला. अजिंक्यला त्या निकालाबद्दल शाबासकी मिळाली, तीही चुकीच्या कारणासाठी, पण त्याला ते ठाऊक नाही. ऑर्डर गुरुलिंगकडं आहे. त्याच्या मनाची समजूत अशी की आपणही नाव देऊन भरपाई केली.

पण नाव दानम्माचं होतं.