दारासमोरचं झाड

"काका, पतंगच आहे ना? या लेंड्या बघा की."

बुआलायने कॉफीच्या झाडाच्या बुंध्याशी पडलेल्या बारीक लालसर गोळ्या दाखवल्या. फोमाकाका उकिडवे बसले. लाओसमधल्या पाकसोंगच्या बागाईतदारांच्या संस्थेत एकतीस वर्षं ते हेच करत आले होते. खोड बघायचं आणि आतली अळी पतंगाची की भुंगेऱ्याची ते सांगायचं. पतंगाची लाल अळी खोडाला भोक पाडून लेंड्या बाहेर टाकते. भोकाच्या खालून कापलं की नवा फुटवा येतो, झाड वाचतं. भुंगेऱ्याची अळी भुसा आपल्या मागेच ठासत जाते, बाहेर काही दिसू देत नाही. पानं पिवळी पडतात तोवर झाड आतून संपलेलं असतं. मग ते उपटून, भुंगेरे उडायच्या आत जाळावं लागतं.

हे झाड बुआलायच्या नवऱ्याने, खेनने लावलेलं. थायलंडला बांधकामावर जायच्या आदल्या दिवशी. "फळ धरलं की येतो," म्हणाला होता. त्यानंतर सहा हंगाम फळ धरलं. फोन तर कधीचाच बंद झाला होता.

काकांनी एक लेंडी चिमटीत चुरडली. पार वाळलेली. वर खोडाला भोक कुठेच नव्हतं. दुसऱ्या कुठल्यातरी झाडाखालून तिने त्या वेचून आणल्या होत्या. सालीवरच्या उंचवट्यावर काकांनी सुरी चालवली. आत घट्ट भुसा, आणि पांढरी अळी.

"भुंगेराच आहे, पोरी."

"साल काढलीच नसतीत तर?"

"तर शेजारच्या बागेत गेला असता."

"तो आल्यावर आधी झाडाचंच विचारेल हो, काका. काय सांगू?"

काकांनी कुदळ मागितली. तिने आणली, पण हातात दिली नाही. स्वतःच खणलं, स्वतःच पेटवलं.

महिन्याभराने काका एक रोप घेऊन आले. खड्डा तसाच होता. आत पडलेलं एक पानही नव्हतं. कडा नुकत्याच नीट केलेल्या.

"राहू दे, काका," ती म्हणाली. "तो आला की लावेल."

काकांनी रोप पडवीच्या सावलीत ठेवलं, आणि त्याला घालायला तिच्याकडे तांब्याभर पाणी मागितलं.