पहिल्या सिलिंडरचं भूत

फुलचूरच्या त्या गल्लीत रविवारी सकाळी साठेक माणसं एका पांढऱ्या कारभोवती उभी होती, आणि कार जागच्या जागी थरथरत होती. उघड्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकले होते घनश्याम महाराज.

"कौन है तू?" महाराजांनी इंजिनाला विचारलं.

इंजिन आणखी हादरलं. आरसे थडथडले.

"बोल दिया," महाराज म्हणाले. "औरत है. विहिरीत गेलेली. गाडीच्या रंगावर जीव जडला तिचा."

"कोणत्या विहिरीत?" शेजारच्या जमुनाबाईंनी विचारलं. "आपल्या इथं तर बोअर हाये."

"पुरानी बात है."

महाराजांनी पुन्हा हात आत घातला, काळा दोरा फिरवला, फुंकर मारली. गाडी बरीचशी निवली. एकाने तर चपलाच काढल्या.

दुर्गेश्वरी ओट्यावर दात आवळून बसली होती. गाडी तिची. तिरोड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला पाच वर्षं बसच्या दांड्याला लटकून गेल्यावर घेतलेली. आठ दिवसांपूर्वी तिने घरीच चारही स्पार्क प्लग बदलले. नवे प्लग लांब नळीच्या पान्यात धरून आधी हाताने फिरवून बसवले, मग आवळले, वर ठिणगीची वीज देणाऱ्या चार कॉइल लावल्या. सगळं पुस्तकाबरहुकूम. आणि गाडी लागली थरथरायला.

चूक शोधायला ती परत बॉनेट उघडणार, तोच सासूबाईंनी, म्हणजे सावित्रीबाईंनी, किल्ली कमरेच्या बटव्यात घातली. "बाईमाणसानं इंजिनाले हात लावला, म्हून झालं हे."

आठ दिवस हेच. "आई, दहा मिनिटं द्या." "दहा मिनिटांत भूत घरात घुसते." नवरा ओमेश म्हणायचा, दोघींचंही बरोबर आहे. लग्नापासून त्याचं हेच मत होतं. आत्ता तो स्टिअरिंगवर बसला होता, कारण महाराजांनी बसवलं होतं.

"अभी आधी ही उतरी है," महाराजांनी निकाल दिला. "इक्कीस दिन गाडी आश्रम में रहेगी. मैं खुद चलाऊंगा, तब निकलेगी."

"न्या महाराज," सावित्रीबाई म्हणाल्या.

दुर्गेश्वरी उठली. मघापासून ती एकच गोष्ट पाहत होती. भूत बोलायचं तेव्हा दोरा महाराजांच्या डाव्या हातात असायचा, आणि उजवा हात दुसऱ्या कॉइलवर.

"न्या," ती म्हणाली. "पण मले एकदा तिच्याशी बोलू द्या. बाई आहे, बाईशी मोकळं बोलेल."

"खतरा है."

"बोलू द्या ना," गर्दीतून आवाज आला. तमाशा कोणाला नको असतो?

ती वाकली. "काय बाई, जेवली का?" असं म्हणत तिने त्याच दुसऱ्या कॉइलच्या वायरीचं टोक दोन बोटांनी ओढलं. गाडी थडथडली. "नाही म्हणते." टोक परत बसवलं. टक्. गाडी निवली. "आता जेवली. जमुनाकाकी, तुम्ही या."

जमुनाबाईंनी ओढलं. भूत आलं. बसवलं. भूत गेलं.

"माह्या अंगात शक्ती हाये का व?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही काकी. वायरीत हाये. चार सिलिंडर, चार कॉइल. एका कॉइलची वायर काढली की ते सिलिंडर बसते, बाकीचे लंगडत ओढतात. महाराज दोऱ्याच्या आड तेच करून राहिले."

महाराजांची ध्यानाची वेळ झाली. ते गेले, पायीच.

"मंग त्याईच्या आधी काऊन थरथरत होती?" सावित्रीबाईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता. इंजिन बंद करून ते थंड व्हायला पाऊण तास गेला. गर्दी हलली नाही. कोणीतरी चहा केला.

दुर्गेश्वरीने पहिला प्लग बाहेर काढला. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर पिवळा थर होता, वर लाल टिकली आणि मधून जळल्याची काळी रेघ.

तिने सासूकडे पाहिलं.

"तू फोनवर गेली होती," सावित्रीबाई म्हणाल्या. "हा पान्यात बसवून ठेवला होता. नवी वस्तू बिनापूजेची कशी लावाची? पहिला, म्हून गणपती मानला. हळद-कुंकू वाह्यलं, पाणी सोडलं, आन् होता तसा पान्यात ठेवून देला."

पान्याच्या नळीत झाकलेली ती हळद सुनेला दिसणार कशी? आधी ओल्या हळदीवरून, मग त्या जळक्या रेघेवरून वीज बाजूच्या लोखंडात पळत होती. टोकाला ठिणगीच पडत नव्हती.

"आई, हे आठ दिवस मले काऊन नाही सांगितलं?"

"तू विचारलं कुठं?"

दुर्गेश्वरीने डोळे मिटले, उघडले. कॉइलची रबरी नळी पुसली, जुन्यांपैकी एक प्लग लावला. गाडी सुरळीत चालू झाली. गर्दी जराशी नाराज होऊनच पांगली.

"मंग पूजा नाही कराची?"

"करा ना. बाहेरून करा. पण काही बिघडलं तर भूत कोणाचं हे विचारायच्या आधी, आपण काय काय केलं ते सांगा. आणि कोणी चमत्कार करून राहिला तर त्याच्या तोंडाकडे नका पाहू, हाताकडे पाहा. समजलं नाही तर विचारा. विचारल्यानं देव रागवत नाही, महाराज रागवते."

सावित्रीबाईंनी खिडकीतून हात घालून गाडी बंद केली आणि किल्ली ओमेशऐवजी सुनेच्या हातावर ठेवली.

"उद्या शाळेत जाताना मले स्टेशनपर्यंत सोडून दे," त्या म्हणाल्या. "मी पुढं बसीन."