पडवीतल्या झोळ्या

केदूनानांचं म्हणणं सरळ होतं. मजूर कामाला येतो, आपण आठवड्याच्या आठवड्याला त्याची मजुरी चुकती करतो, वणीच्या पट्ट्यात कुणापेक्षा चार पैसे कमी देत नाही, विषय संपला. शाळेच्या भिंतीसाठी देणगी मागायला कुणी आलं की नाना चहा पाजायचे आणि वाटेला लावायचे. "धंदा करतो बाबांनो, समाजाचं मी काही लागत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि गडी खोटारडा होता असंही नाही. त्यांच्या बागेत मजुरी कधी एक दिवस मागं राहिली नाही.

पण दोन हजार पाच साली नानांनी मनावर घेतलं की आपली द्राक्षं युरोपला जायची. गेल्या दोन वर्षांत शेजारच्यांची गेली, बंगल्यांवर मजले चढले, मग आपणच का मागं? एक्स्पोर्टवाल्यानं एक यादी दिली. दाखला हवा तर इतकं इतकं करा. औषधं कुलपात ठेवा, हात धुवायला साबण ठेवा, मजुरांना हातमोजे द्या. नाना एकेक करत गेले, कुरकुरत का होईना. शेवटचं कलम वाचून मात्र त्यांचं टाळकंच सटकलं. मजुरांची लहान मुलं बागेत नकोत, त्यांच्यासाठी वेगळी जागा करा.

"आता पोरंही मीच सांभाळू? घ्या! उद्या म्हणतील बारसं पण करा!" नाना बायकोवर ओरडले. सुलाबाई शेंगा सोलत होत्या. "ओरडा, ओरडा. पोरं काय तुमच्या ओरडण्यानं मोठी व्हायचीत?" त्या म्हणाल्या.

नानांच्या बागेत दरवर्षी सुरगाण्याच्या झिपरूची टोळी यायची. तिकडं भात-नागली निघाली की बावीस माणसं, गाठोडी, दोन-चार कोंबड्या अशी सगळी एका जीपमध्ये कोंबून दारात हजर. बायांचा कारभार झिपरूच्या बायकोकडं, झुंबरबाईकडं. अंगानं काडी, पण जीभ अशी की मुकादम नावालाच झिपरू. टोळीत तान्ही-रांगती मिळून सहा पोरं. बाया द्राक्षांचे घड मणी फुगवायच्या औषधात बुडवत पुढं सरकायच्या आणि पोरांच्या झोळ्या बागेतल्याच मांडवाच्या लोखंडी अँगलला सावलीत लटकायच्या. फवारणीचा ट्रॅक्टर आला की कुणीतरी धावत जाऊन झोळ्या सोडायचं. कधी धावायला उशीर व्हायचा. गेल्या वर्षी असाच झाला. झुंबरबाईची नात ललिता तेव्हा चार महिन्यांची. आठ दिवस तिचे डोळे उघडले नव्हते. झुंबरबाई नानांकडं आली तेव्हा नाना म्हणाले होते, "बाई, मी मजूर बोलावले होते. लेकरं आणायला कुणी सांगितलं होतं?" झुंबरबाई तशीच परत घड बुडवायला गेली होती. दुसरं पोट भरायचं ठिकाण तिच्याकडं नव्हतं.

तर नानांनी डोकं लढवलं. औषधं नव्या पत्र्याच्या खोलीत हलवली, जुनी खोली चुन्यानं रंगवली, बाहेर 'बालसंगोपन कक्ष' अशी पाटी लावली. वणीच्या बाजारातून दोन प्लास्टिकचे घोडे आणले. आणि पोरांनी घाण करू नये म्हणून दाखल्याच्या तपासणीच्या दिवसापर्यंत खोलीला कुलूप घातलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी नानांनी कुलूप काढलं. झुंबरबाईची सून आशा ललिताला घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली, नाक आक्रसून मागं फिरली. झुंबरबाईनं आत डोकं घालून बघितलं.

"नाना, भिंतीला वास हाय औषधाचा. हितं पोरं नाय ठेवायची."

"अगं, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे!"

"अर्धी घटकाबी नाय."

वाकड्या वाटेनं जाणाऱ्याला अशा वेळी बरोबर घाम फुटतो, तसा नानांना फुटला. पुण्याहून तपासणीची गाडी निघाली होती, वणीपर्यंत पोचली म्हणून फोनही आला होता. शेवटी सुलाबाईच म्हणाल्या, "आपली पडवी रिकामी पडलीय की." नव्या बंगल्याची पडवी, चकचकीत फरशी, लोखंडी पाइपांची जाळी. नानांना दुसरं सुचेना. "आणा, आणा इकडं, पटकन!" दहा मिनिटांत पाइपांना झोळ्या बांधल्या, सुलाबाईंनी गोधड्या अंथरल्या, घोडे मधोमध आले.

तपासणीला आलेल्या अंजली मॅडम तरुण होत्या, पण बारीक नजरेच्या. औषधाची खोली बघितली, साबण बघितला, मग पडवीत आल्या.

"मुलं रोज इथंच असतात?"

आता नुसतं हो म्हणून भागलं असतं. पण नानांना स्वतःच्याच नाटकाचा चेव चढला. त्यांनी दुडदुडत आलेल्या ललिताला मांडीवर घेतलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रोज मॅडम. या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. रोज इथंच."

मॅडमनी कागदावर खूण केली. झुंबरबाईचा चेहरा मात्र खाडकन उतरला. आशानं पुढं होऊन नानांच्या मांडीवरून पोर ओढूनच घेतली. नानांचं तिकडं लक्षच नव्हतं. गाडी फाटकाबाहेर पडली तसे ते टाळी वाजवून म्हणाले, "जमलं! उद्यापासून ज्याचं पोर त्याच्या जागी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता टाकीत औषध कालवून तयार होतं. मणी नेमके मापाचे झाले होते. दोन दिवसांत घड बुडवले नाहीत तर माल बारीक राहणार आणि युरोप राहिलं बाजूला. नाना बागेत आले तर तिथं एक बाई नाही. पुरुष बांधावर बसलेले. झिपरूनं नुसता बंगल्याकडं हात केला. "मला नको विचारू नाना. बायांचं हाय."

सगळ्या बाया पडवीत होत्या. झोळ्या बांधून झाल्या होत्या आणि सुलाबाई दारात उभ्या राहून दूध गरम करायचं का विचारत होत्या.

"हे काय चाललंय?" नाना गरजले.

"तू काल सांगितलास तेच," झुंबरबाई म्हणाली. तिकडची माणसं कुणालाच अहो-जाहो करत नाहीत, नानांनाही नाही.

"ते त्या मॅडमसाठी होतं, झुंबरबाई! बोलायची एक पद्धत असते."

"पोरीच्या डोक्यावर हात ठेवून बोललास. ते खोटं पडलं तर तुला काय बी व्हणार नाय. तिला व्हईल."

"काहीतरीच! हे बघ, रोजाला वीस रुपये वाढवतो सगळ्यांना. चला बागेत."

"पैशात तू कधी खोट नाय केलीस नाना. त्याचं भांडण नाय." तिचा आवाज चढला नाही, पण बोलताना तिनं ललिताची झोळी घट्ट धरून ठेवली होती. "हात तुझा व्हता. डोकं माझ्या नातीचं व्हतं. तुझं बोलणं खरं करून दे, आमी आत्ता बागेत उतरतो. नायतर जीपवाल्याला सांगितलंय. हितं तिला ठेवायची नाय मला."

एकाएकी नानांच्या लक्षात आलं, ही बाई अडवून काही मागत नाहीये, ही घाबरलीय. रात्रभर घाबरलेली असणार. आणि असल्या शपथेला हसायला नाना काही शहरातून आलेले नव्हते. स्वतःच्या नातवाच्या डोक्यावर कुणी असा हात ठेवला असता तर त्यांनी त्याची गचांडी धरली असती. त्यांनी झोळीत वाकून बघितलं. ललिताच्या डाव्या डोळ्याच्या कडेला पांढुरका डाग होता. काल मांडीवर घेतली तेव्हाही तो त्यांना दिसला नव्हता. नानांना लाज वाटली, चांगली कानशिलं तापण्याइतकी.

"बांधा," ते म्हणाले. "रोज बांधा. जा आता, औषध खोळंबलंय."

बाया उतरल्या. नाना पायऱ्यांवरच उभे राहिले. तेवढ्यात खालच्या प्लॉटवर ट्रॅक्टरवाल्या नाथानं फवारणीचा ट्रॅक्टर सुरू केला. वारा बंगल्याकडं होता.

"नाथा! बंद कर!" नाना ओरडले.

"नाना, आता टाकी भरलीय. ठेवलं तर औषध वाया जाईल!"

"जाऊ दे वाया."