पाण्याचा धडा मी ठरवला

नव्या शिक्षण कायद्याची पहिली मीटिंग झाली तेव्हा मी एकच प्रश्न विचारला, "ते सगळं ठीक आहे, पण पुस्तक कुठलं?"

आमच्या हेडटीचर रिअन खो खो हसल्या. "पुस्तकच नाही, कल्याणी. मुलं कशी घडायला हवीत एवढंच वेल्सच्या सरकारनं सांगितलंय. काय शिकवून घडवायची ते शाळेनं ठरवायचं. म्हणजे तू आणि मी."

घ्या! नागपूरला बी.एड. केलेल्या बाईला हे सांगता? तिकडे पुस्तकातला धडा संपला की आपली जबाबदारी संपली. कुणी कुरकुर केलीच तर 'अभ्यासक्रमात आहे हो, मी काय करू' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. कार्डिफला येऊन पॉवेल आडनावाच्या नर्सशी लग्न केलं, वेल्श शिकले, इथला गारठा अंगवळणी पाडून घेतला, पण ही सोय गेली ते मला जडच गेलं.

मग म्हटलं, ठरवायचंच आहे ना? ठरवते. माझ्या इयर सिक्सच्या, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या वर्गासाठी मी विषय घेतला, 'पाणी कोणाचं?' पहिला आठवडा वेल्सचा. इंग्लंडमधल्या एका शहराला पाणी हवं म्हणून इथलं एक अख्खं गाव, शाळा-चॅपलसकट, धरणाखाली बुडवलं, हे इथल्या पोराटोरांनाही माहीत असतं. दुसरा आठवडा महाडचा. तिथल्या चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी प्यायची, पण अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना बंदी. १९२७ साली बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन गेले आणि ते पाणी प्याले.

पालकांना विषय कळवला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या वर्गातल्या पूर्वी नावाच्या मुलीचे बाबा, यतीन, शाळेच्या गेटवर हजर. पुण्याचे, आयटीतले, बोलायला एकदम गोड.

"कल्याणी मॅडम, प्लीज राग मानू नका, पण ते महाड कशाला? पूर्वीला जात हा शब्दसुद्धा माहीत नाही. आम्ही मुद्दाम सांगितला नाही. उद्या प्लेग्राउंडवर गोऱ्या पोरांनी तिला चिडवलं तर?"

"मी चिडवू देणार नाही."

"तसं नाही हो." त्यांनी आवाज खाली आणला. "बाकीचे लोक यावर बोलतात ते समजू शकतो. पण आपल्यासारख्यांनी तरी घरची धुणी इथे आणून धुवायची का?"

आपल्यासारख्यांनी! पॉवेल आडनावावरून बिचाऱ्यांना काही पत्ता लागला नव्हता, त्यात माझं मराठी स्वच्छ, म्हणून त्यांनी मला परस्पर आपल्या पंगतीत बसवूनही टाकलं होतं. माझं डोकंच फिरलं.

"मी माहेरची मेश्राम," मी म्हटलं. "नागपूर, इंदोरा. बाबासाहेबांची माणसं आम्ही. माझ्या पणजीला गावच्या विहिरीजवळ कुणी फिरकू दिलं नाही. आता सांगा, आपल्यासारखे म्हणजे कोण?"

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. सॉरी, सॉरी करत ते गाडीकडे गेले. संध्याकाळी मात्र रिअनना त्यांची ईमेल आली, महाडचा आठवडा रद्द करा म्हणून.

"गव्हर्नर्सना उत्तर मला द्यावं लागेल," रिअन म्हणाल्या. गव्हर्नर्स म्हणजे आमच्या शाळेचं संचालक मंडळ. "तू नको म्हणालीस तर काढून टाकू, कुणी काही बोलणार नाही. हवा म्हणालीस तर मी तुझ्या पाठीशी. कायद्यानं हे तुझ्यावर सोपवलंय."

हीच तर पंचाईत! यतीनची भीती काही खोटी नव्हती. मुलं वाईट चिडवतात, आणि पूर्वी हळवी आहे. धडा काढला असता तर माझं काही बिघडलं नसतं. फक्त ही पोर मोठी होऊन कुणाला तरी असंच हळूच 'आपल्यासारखे' म्हणाली असती, आणि ते मला जन्मभर डाचलं असतं. अभ्यासक्रमात नव्हतं म्हणायची सोयही उरली नव्हती.

"हवा," मी म्हटलं. "आणि पूर्वीच्या बाबांना वर्गात बसायला बोलवा."

यतीन आले. पोरांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे वर करून मागे बसले. गाव बुडवल्याचा राग मुलांच्या मनात ताजाच होता, त्यामुळे महाड ऐकताना त्यांचे कान टवकारलेले. सांगून झालं तसा पूर्वीच्या शेजारच्या ओशाननं हात वर केला.

"मिस, तुम्हाला पिऊ दिलं असतं?"

"नाही."

मग पूर्वीचा हात वर गेला. एरवी ती माझ्याशी मोडकंतोडकं मराठी बोलते, पण आज तिनं सगळ्यांना कळेल असं इंग्रजीत विचारलं, "आणि आम्ही, मिस? आम्ही त्यांना पाणी दिलं असतं?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. खोटं का बोलू, ते यतीनच्या तोंडावर फेकावंसंही वाटलं. पण ते उत्तर मी दिलं असतं तर पोर माझ्या तोंडून आपल्या घरावरचा ठपका ऐकत बसली असती.

"बाबांना विचार," मी म्हटलं.

सगळ्या माना मागे वळल्या. यतीन उठून उभे राहिले. सोडवा मला, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही सोडवलं.

"नाही," ते म्हणाले. "नसतं दिलं."

"का?" पूर्वीनं विचारलं.

कुणी हसलं नाही, कुणी पूर्वीला चिडवलं नाही. ओशान तर आपली खुर्ची सरकवून तिला खेटून बसला. सगळा वर्ग यतीनच्या उत्तराची वाट बघत होता. मीही खुर्ची ओढली आणि मुलांमध्ये जाऊन बसले.